उंच जेटीवरून मोठा मासा वर कसा घ्यायचा

पाच किलोचा जिताडा गळाला लागतो, झुंजतो, दमतो आणि कुशीवर होऊन पाण्यावर येतो. इथपर्यंत सगळं नीट होतं. मग रॉडवाला खाली बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्या आणि माशाच्या मध्ये पंधरा फुटांची उभी भिंत आहे. पुढच्या मिनिटभरात लाइन तुटते, नाहीतर गळ तोंडातून निसटतो, नाहीतर रॉडचं टोक मोडतं. रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही जेटीवर चार संध्याकाळी उभे राहा, हे बघायला मिळेल.

मला यात वाईट वाटतं ते माशाचं. सुटला म्हणजे वाचला, असं होत नाही. तोंडात गळ आणि मागे लोंबणारी हातभर ब्रेड, म्हणजे विणलेली बारीक लाइन, घेऊन तो जातो, ती ब्रेड खांबांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांत अडकते आणि मासा तिथेच मरतो. म्हणून नव्याने रॉड घेतलेल्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे: मासा वर कसा येणार हे ठरलं नसेल तर त्या जागेवरून मोठ्या माशासाठी गळ टाकू नका.

हा लेख कोकण किनाऱ्यावरच्या जेट्या, धक्के आणि समुद्रात घुसलेली खडपं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इथे मोठे मासे म्हणजे जिताडा, तांबोशी, गोबरा, रावस, शिंगाळा आणि पाकट. ज्याच्यासाठी गेलात तोच लागेल असं नसतं, त्यामुळे तयारी सगळ्यांसाठी हवी.

१. आधी जागेची चौकशी

सगळ्या जेट्यांवर गळ टाकायला मुभा नसते. बऱ्याच जेट्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत, काही ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा वावर असतो. व्यापारी बंदरं, नौदलाचा आणि तटरक्षक दलाचा परिसर यांच्या वाटेला जाऊच नका. प्रवासी लाँच लागतात तिथे लाँच येताना लाइन वर घ्या. मालवणात सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे चालतं आणि कुठे नाही हे वनखात्याच्या माणसाला आधी विचारा. खाडीवरच्या वाहत्या पुलावरून मासेमारी करू नका. मागून ट्रक जात असताना मोठा मासा सांभाळता येत नाही, आणि मागे घेतलेला रॉड दुचाकीवाल्याच्या तोंडावर बसू शकतो.

ओळखपत्र खिशात असू द्या, रात्री सागरी पोलीस विचारपूस करतात. जेटीवर होड्या लावणाऱ्या कोळी किंवा गाबित मंडळींशी चार शब्द बोला. पाण्याखाली कुठे जुने दगड आहेत, कुठे तुटलेला खांब आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. त्यांच्या नांगरदोरांच्या आसपास मात्र लाइन टाकू नका.

२. उंची मोजा, आणि ती ओहोटीची मोजा

नवी मंडळी भरतीच्या वेळी जेटी बघतात. पाणी हाताशी आल्यासारखं दिसतं. सहा तासांनी तीच जेटी दुमजली घरासारखी वाटते. मुंबई-रायगडच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन मीटरच्या आसपास.

मोजायचं साधं आहे. लाइनला शिसं बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडा, कठड्यापाशी लाइनवर खूण करा, वर ओढून टेपने मोजा. हे ओहोटी पूर्ण लागलेली असताना करा. मासा वर घ्यायला जे जाळं दोराने खाली सोडायचं, त्याचा दोर या उंचीपेक्षा तीन-चार मीटर जास्त हवा. म्हणजे ओहोटीला पाच मीटर उंची भरली तर दोर आठ-नऊ मीटरचा.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. दिवसा जी वेळ तीच साधारण रात्री, आणि शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हिशोब एकच. हा अंदाज आहे, खाडीत आत गेलात की भरती उशिरा पोचते. नक्की वेळेसाठी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

पहिल्यांदा जाणार असाल तर भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास एवढाच वेळ धरा. उंची सगळ्यात कमी असते आणि मासाही काठाला आलेला असतो. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याची ओढ कमी असते. जाळं टाकायला शिकायचे हेच दिवस.

३. मासा कुठून बाहेर काढायचा ते पायी फिरून बघा

सामान खाली ठेवायच्या आधी जेटीचं एक टोक ते दुसरं टोक चाला. जेटीला पायऱ्या आहेत का? बाजूला होड्या ओढायचा उतार आहे का? वाळूचा पट्टा जवळ आहे का? असेल तर तुम्ही उभे आहात तिथपासून तिथवर रॉड घेऊन जाताना मध्ये काय काय येतं: दिव्याचा खांब, बांधलेल्या होड्या, दुसऱ्यांच्या लाइनी?

चालत नेता येण्यासारखी जागा असेल तर उचलण्याच्या भानगडीत पडूच नका. दमलेला मासा पाण्यातून शांतपणे चालवत पायऱ्यांशी नेणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि कठड्याला खेटून ओढाताण करण्याच्या नादात तो कोणाला सुचत नाही. लाइन ताणलेली ठेवायची, झटके द्यायचे नाहीत, आपण चालायचं आणि मासा मागून येतो. एकच लक्षात ठेवा, जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. ओल्या, हिरव्या पायरीवर उतरायचं नाही. सुक्या पायरीवर उभं राहून लांब दांड्याच्या हातजाळ्याने मासा घ्यायचा.

४. सामान

– ड्रॉप नेट, म्हणजे कड्याला लावलेलं आणि दोराने खाली सोडायचं जाळं. कड्याचा व्यास ७५ ते ९० सेंटिमीटर, जाळ्याची खोली निदान ६० सेंटिमीटर. कड्याला तीन ठिकाणी दोऱ्या, त्या वर एका रिंगमध्ये एकत्र.
– ८ ते १० मिलिमीटर जाडीचा दोर. पातळ सुतळीवजा दोर ओल्या हातात रुततो आणि निसटतो.
– जाळ्याच्या तळाशी बांधायला पाव किलो शिसं.
– पकडीचे हातमोजे.
– लांब टोकाची पक्कड, आणि वायर कापणारी कटर.
– कपाळावरचा दिवा, जोडीदाराकडे दुसरा.
– लाइफ जॅकेट. खडपावर जाणार असाल तर ते घातल्याशिवाय जाऊ नका.
– ओलं गोणपाट, बर्फाची पेटी, प्रथमोपचाराचं सामान.
– जोडीदार. मोठ्या माशासाठी उंच जागी एकट्याने जाऊ नका.

ड्रॉप नेट बाजारात तयार मिळतं, पण मिळालं नाही तर गावातल्या जाळी विणणाऱ्याकडून करून घ्या. लोखंडी सळईचं कडं चालतं, मात्र खाऱ्या पाण्याने गंजतं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची नळी चढवा. जाळी बिनगाठीची मिळाली तर उत्तम, माशाची खवलं आणि त्यावरचा बुळबुळीत थर कमी निघतो.

५. लाइन आणि ड्रॅग: उचलण्याचा हिशोब सोडून द्या

पाण्यात मासा जवळजवळ तरंगतो. त्याच्या वजनाचा भार लाइनवर येत नाही, येतो तो त्याच्या ओढीचा. तोच मासा पाण्याबाहेर आला की पूर्ण वजन लाइनवर, आणि तो फडफडला की क्षणभर त्याहून कितीतरी जास्त.

३० पौंडी लाइन म्हणजे कागदावर साधारण साडेतेरा किलो. गाठीत ताकद कमी होते, खांबावर घासली की आणखी कमी. रीळचा ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन सुटू देणारा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा असतो, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. आता पाच किलोचा मासा रॉडने उचलायला गेलात तर रीळ नुसतं फिरतं आणि मासा जागेवर लोंबतो. मग माणूस ड्रॅग आवळतो, आणि तिथेच घात होतो. शिवाय झुंजीत गळाने तोंडाचं भोक मोठं केलेलं असतं, लोंबत्या वजनाने ते फाटतं.

माझा नियम: किलोभरापर्यंतचा मासा रॉडने उचला, त्याहून जड असेल तर जाळं. रॉड सरळ उभा किंवा मागे झुकवून कधीही उचलू नका, सगळा ताण टोकाच्या वीतभरावर येतो आणि तिथेच तो मोडतो.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. घरी हुकचा वजनकाटा लाइनला अडकवून ओढून बघा. ब्रेड वापरत असाल तर पुढे ४० ते ६० पौंडी मोनोचा, म्हणजे एकसंध नायलॉन लाइनचा, दीड-दोन मीटर लीडर (गळाआधीचा जाड तुकडा) हवाच. जेटीच्या खांबांवर कालवं असतात, त्यांच्या धारेवर ताणलेली ब्रेड एका घासात जाते. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडाही तितक्याच धारदार असतात.

६. मासा वर आणायच्या आधी पुरता दमवा

वरून खेळताना एक गोष्ट उलटी असते. लाइनचा कोन खडा असतो, त्यामुळे तुम्ही ओढलं की माशाचं डोकं वर येतं आणि तो पाण्यावर आपटायला लागतो. अशा वेळी रॉडचं टोक खाली करा, कोन कमी होतो आणि डोकं पाण्यात राहतं. मासा भिंतीच्या अगदी खाली घेऊ नका. जेटीपासून पाच-सात मीटरवर, मोकळ्या पाण्यात दमवा. खांबांकडे वळला तर तिथल्या तिथे ओढत बसण्याऐवजी बाजूला चालत जाऊन ओढीची दिशा बदला.

दमला हे कसं ओळखायचं? एकदा कुशीवर झाला की नव्हे. जाळं बघून मासा शेवटची उसळी मारतोच. दोन-तीनदा कुशीवर होऊन, पुन्हा सरळ व्हायला वेळ लागायला लागला की समजा वेळ आली. मात्र सोडून द्यायचा मासा असेल तर फार ताणू नका, अति दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

७. जाळ्यात घेणं

हा सगळ्यात नाजूक भाग आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

दोराचं वरचं टोक कठड्याला किंवा होड्या बांधायच्या खुंटाला पक्कं बांधा. मनगटाला गुंडाळायचं नाही, कंबरेला बांधायचं नाही. उरलेला दोर पायाशी वेटोळा घालून ठेवा, पण त्या वेटोळ्यात पाय ठेवून उभे राहू नका.

जाळं मासा दमायच्या आधीच पाण्यात हवं. माशाच्या डोक्यावर वरून जाळं आदळलं तर तो जिवाच्या आकांताने पळतो आणि लाइन जाते. माशापासून दूर हळूच सोडा, भिजू द्या, आणि कडं पाण्याखाली हातभर राहील असं धरा. पाण्याला ओढ असेल तर जाळं कलंडतं आणि पिशवी उलटून कड्यावर येते. तळातलं शिसं यासाठीच. ओढ फारच असेल तर जेटीच्या आडोशाला, जिथे पाणी मंदावतं तिथे जाळं ठेवा.

आता मासा जाळ्याकडे आणायचा, जाळं माशाकडे न्यायचं नाही. जाळंवाला स्थिर. रॉडवाला हळूहळू चालत माशाला कड्याच्या वर आणतो, डोकं पुढे. शेपटीकडून जाळं लागलं की मासा पुढे झेपावतो आणि बाहेर जातो. डोक्याकडून आला तर झेपावला तरी जाळ्यातच जातो. पाच किलोचा जिताडा पाऊण मीटरच्या आसपास लांब असतो, कड्यात आडवा मावेल न मावेल. चालतं. डोकं आणि अर्ध्याहून जास्त अंग कड्यावर आलं की उचला, मासा दुमडून पिशवीत बसतो.

उचलताना बोलायचं ते जाळंवाल्याने. “घेतला!” म्हटलं की रॉडवाल्याने त्याच क्षणी रॉडचं टोक खाली करून रीळ मोकळं सोडायचं. बहुतेक मासे इथेच जातात: जाळं वर येत असतं, लाइन मात्र ताणलेली राहते, आणि ती माशाला पिशवीतून उपटून बाहेर काढते. मासा जाळ्यात असताना लाइनचं काम संपलेलं असतं.

दोर हातावर हात घेत, एकसारखा ओढा. मध्ये थांबू नका, झटका देऊ नका. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे कठड्याला टेकलेले, छाती कठड्याच्या आत. बघायला वाकायचं नाही. जाळं भिंतीवर घासू लागलं तर दोर कठड्यापासून हातभर बाहेर धरा. कडं कठड्याशी आलं की मासा बाहेरून पकडायला जाऊ नका, कडं दोन्ही हातांनी धरून आख्खं जाळं आत घ्या आणि कठड्यापासून चार पावलं मागे नेऊन ठेवा. काठावर ठेवलेला मासा एका उसळीत परत खाली जातो.

तीन-तीन काट्यांच्या गळांचे नकली मासे वापरणाऱ्यांसाठी: मोकळा काटा कड्याच्या जाळीत अडकतो आणि मासा बाहेर लटकत राहतो. जेटीवर जायच्या आधी ते काढून एकेरी गळ लावा.

आजूबाजूला गर्दी जमतेच, मोबाइल निघतात. जाळंवाल्याच्या दोन्ही बाजूंना हात-दोन हात जागा मोकळी ठेवायला सांगा. न लाजता, मोठ्याने. आणि हे सगळं पहिल्यांदा माशावर करू नका. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन लाइनला बांधून खाली सोडा आणि जोडीदाराबरोबर तो जाळ्यात घेऊन बघा. आवाज, हात, दोर सगळं बसतं.

८. दोराचा आकडा

काही जण जाळ्याऐवजी तीन-चार काट्यांचा वजनदार आकडा दोराने सोडतात, विहिरीत पडलेली कळशी काढायला सोडतात तसा. तो लाइनभोवती अडकवून सरकवत माशाच्या जबड्याखाली नेतात आणि वर ओढतात. फार उंच जागी, मोठ्या माशाला याचा उपयोग होतो हे खरं. पण आकडा लागलेला मासा परत सोडता येत नाही. खायचा हे नक्की ठरलं असेल तरच, आणि जाळ्यात मावतच नसेल तरच. नवख्याने तर वापरूच नये, निसटलेला आकडा वर उसळून तोंडावर येतो.

लीडर हाताला गुंडाळून मासा ओढणं हा आणखी एक प्रकार दिसतो. गुंडाळायचं कधीच नाही. ब्रेड बोटाला हाडापर्यंत कापते.

९. खडपावरून

खडपाचे नियम वेगळे आहेत आणि चुकीची किंमतही. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी लाटेने माणसं नेलेली आहेत. पोचल्यावर लगेच गळ टाकू नका. पंधरा-वीस मिनिटं नुसता समुद्र बघा. कातळ जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट येते, आता दिसत नसली तरी. त्याच्या वर उभे राहा.

मासा वर घ्यायला लाटेचीच मदत घ्यायची. लाट वर चढताना माशाला तिच्याबरोबर येऊ द्या, रीळ भरभर फिरवा. लाट मागे फिरली की ओढू नका, ड्रॅगला सुटू द्या. दोन-तीन लाटांत मासा खालच्या कपारीवर येऊन बसतो. लाट उतरल्यावर तो कोरड्यावर राहिला तर पुढची लाट यायच्या आत वर ओढा. पण त्यासाठी स्वतः खाली उतरू नका. माशाकडे धावत उतरणं हे खडपावर जीव जायचं मोठं कारण आहे. मासा जाऊ द्या.

जून ते ऑगस्ट खडपावर जाऊच नका. समुद्र खवळलेला असतो.

कोणी पाण्यात पडलाच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, पेटी, जे तरंगेल ते फेका आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन करा.

१०. काय वर घ्यायचं नाही

मोठी पाकट लागली तर वर घेऊ नका. जेटीवर ती शेपूट फिरवते आणि काटा बूट भेदतो. गळापाशी जमेल तितकी जवळ लाइन कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय तासभर ठेवा, वेदना त्याने कमी होतात, आणि डॉक्टरकडे जा. काटा आत तुटला असेल तर स्वतः उपसू नका. शिंगाळ्याचे काटेही तसेच, पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. त्याला मोकळ्या हाताने धरू नका.

कासव आणि करवत मासा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कासव अडकलं तर लाइनने उचलू नका, मान फाटते. जाळ्यात घेऊन वर आणा, गळ काढा, जाळ्यानेच खाली सोडा. माशांच्या लहानात लहान आकाराचे नियमही राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींना लावले आहेत, मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात यादी बघायला मिळते.

११. वर आल्यावर

सोडायचा असेल तर ओल्या हाताने धरा, ओल्या गोणपाटावर ठेवा, गळ काढा आणि पुन्हा जाळ्यात घालून दोराने खाली उतरवा. जेटीवरून फेकू नका. पंधरा फुटांवरून पाण्यावर आपटलेला मासा आतून फुटतो, पोहत गेलासा वाटला तरी. जाळं पाण्यात बुडवून थोडा वेळ धरा, कल्ले नीट हलायला लागले की कडं कलंडवा, तो आपण होऊन निघतो. जड मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवू नका, एक हात पोटाखाली हवा.

ठेवायचा असेल तर तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक घाव, कल्ल्याखाली चीर देऊन रक्त जाऊ द्या, मग बर्फात. कोकणातल्या उन्हात अर्धा तास तसाच पडलेला जिताडा घरी नेईपर्यंत मऊ पडलेला असतो.

निघताना तुटलेल्या लाइनीचे तुकडे गोळा करून घरी न्या, पक्ष्यांच्या पायांत अडकतात. घरी गेल्यावर जाळं आणि दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, कड्याच्या तीनही दोऱ्यांच्या गाठी ओढून बघा आणि झिजलेली दोरी त्याच दिवशी बदला.